साथीच्या काळात गाव एकत्र कसं ठेवायचं? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतले सरपंच, आशाताई, गणेश मंडळांची पोरं, बचत गटाच्या बाया, मशिदींचे ट्रस्टी आणि सुरतेला कामाला असलेले गावकरी हे प्रश्न पाठवत असतात. बरेचसे कोविडच्या वेळी पहिल्यांदा आले. पण पावसाळ्यात गॅस्ट्रो किंवा डेंग्यूची साथ आली, कुठं गोवर निघाला, की तेच प्रश्न पुन्हा येतात. म्हणून उत्तरं एकाच आजाराला बांधलेली नाहीत. औषधोपचाराचं डॉक्टरांना विचारा. इथं फक्त साथीत माणसांनी एकमेकांशी कसं वागायचं, तेवढंच आहे.

१. आजार आला की दवाखाना, गोळ्या, इंजेक्शन. यात गावाच्या एकीचा काय संबंध?

घरात ताप आलेला माणूस आहे हे बाहेर कळलं तर काय होईल, याचा हिशोब प्रत्येक घर आधी करतं. डेअरीवर दूध घेणार नाहीत, पोरीचं जमलेलं मोडेल, कापूस वेचायला कोणी बोलावणार नाही, असं वाटलं की ताप दडवला जातो. मेडिकलवरून दोन गोळ्या येतात आणि ओसरीवरची खाट आतल्या खोलीत जाते. चार-पाच दिवसांनी दम लागला की रात्रीतून गाडी करून जळगाव नाहीतर धुळं गाठायचं. तोवर घरातले सगळे आणि निम्मा शेजार त्याच्या संपर्कात येऊन गेलेला असतो.

तपासणीचं किट, गोळ्या, डॉक्टर हे वरून येईल. ‘मला ताप आहे’ हे न घाबरता सांगता येईल असं वातावरण मात्र गावालाच करावं लागतं. खालच्या सगळ्या उत्तरांत एकच कसोटी लावली आहे: या वागण्यानं आजारी माणूस पुढं येईल की लपेल?

२. क्वारंटाइन करणं आणि वाळीत टाकणं यात फरक तो काय? दोन्हीकडे माणूस एकटाच पडतो.

मुदत, कारण आणि सोय पाहा. क्वारंटाइनला शेवटचा दिवस असतो आणि तो पहिल्याच दिवशी सांगितलेला असतो. कोविडच्या सुरुवातीला ही मुदत १४ दिवसांची होती. कारण वैद्यकीय असतं, म्हणजे तो माणूस रुग्णाच्या संपर्कात आला आहे किंवा साथ असलेल्या भागातून आला आहे. त्याची जात, धर्म, गल्ली हे कारण होऊ शकत नाही. आणि तेवढ्या दिवसांत त्याचं जेवण, पाणी, औषध, मोबाइलचं रिचार्ज, गुरांचा चारा कोण बघणार हे नाव घेऊन ठरलेलं असतं. यातलं काहीच नसेल तर ते वाळीत टाकणंच झालं, मग दारावर पाटी कुठलीही लावा.

गुरांच्या चाऱ्याचं मुद्दाम लिहिलं. दावणीची म्हैस उपाशी राहील म्हणून क्वारंटाइन मोडून मळ्यात जाणाऱ्या माणसाला बेजबाबदार म्हणणं सोपं आहे. त्याच्या म्हशीपुढं कडब्याच्या दोन पेंढ्या टाकून येणं त्याहून सोपं.

३. प्रत्येक आजारात माणसाला वेगळं ठेवावंच लागतं का?

नाही, आणि इथं गावं फार चुकतात. डेंग्यू, मलेरिया डासातून पसरतात. रुग्णाशेजारी बसून काही होत नाही, त्याला मच्छरदाणी द्या आणि सगळ्या गल्लीतली पाण्याची भांडी रिकामी करा. गॅस्ट्रो, कॉलरा, कावीळ यांचं मूळ बहुतेक वेळा पाण्यात असतं. तिथं एका घराकडे बोट दाखवण्यापेक्षा व्हॉल्व्हचा खड्डा आणि गटारीतून गेलेली पाइपलाइन तपासा. गोवर, कोविड, फ्लू हे श्वासातून पसरतात, तिथं अंतर लागतं. कुष्ठरोग पूर्ण बरा होतो आणि उपचार सुरू झाले की त्याचा संसर्ग लवकर थांबतो. टीबीचं प्रश्न १५ मध्ये सविस्तर आहे.

तेव्हा ‘हा आजार पसरतो कशातून?’ हा प्रश्न प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना पहिल्या दिवशी विचारा आणि उत्तर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. निम्मी भीती तिथंच कमी होते.

४. गावात पहिला रुग्ण सापडला. पहिल्या दिवशी काय करायचं?

नवी समिती काढायच्या भानगडीत पडू नका. प्रत्येक महसुली गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिला वर्षाला १० हजार रुपयांपर्यंत निधीही मिळतो. अनेक गावांत ती कागदावरच असते, तिला उठवा. तिच्यात गावठाणातली चार वजनदार माणसं असून भागत नाही. भिलाटी (भिल्लांची वस्ती), दलित वस्ती, मोहल्ला, तांडा, मळ्यात राहणारे सालदार, वीटभट्टीवरची कुटुंबं, यांतलं प्रत्येकी एक माणूस बैठकीला हवं, आणि त्यात बाया हव्यात. घराघरात कोण खोकतंय हे बाईला आधी कळतं.

मग रुग्णाच्या घरी जाऊन, तोंड बांधून, अंतर ठेवून, काय लागतं ते विचारा. गावातल्या मानाच्या माणसानं त्या दारात उभं राहून बोललेलं सगळी गल्ली बघते, आणि त्यानंतर वाटेल ते बोलणारी तोंडं जरा आवरतात. दवंडी किंवा भोंगा असेल तर गावच्या बोलीत: ‘ताप-खोकला व्हई तं दपाडू नका, आशाताईले सांगा’ (म्हणजे झाला तर लपवू नका). सरकारी पत्रक जसंच्या तसं वाचून दाखवलं तर ते पत्रकच राहतं.

५. रुग्णाचं नाव गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं तर काय बिघडलं? लोकांना सावध व्हायला नको का?

जे संपर्कात आले त्यांना सावध करायला हवं, आणि ते काम आरोग्य कर्मचारी एकेकाला भेटून करतात. ग्रुपवर नाव टाकलं की सावध होण्यापेक्षा तमाशाच जास्त होतो. नाव, फोटो, रिपोर्टचा कागद, ‘अमक्याच्या सुनेला झालाय’ हे तालुकाभर फिरतं आणि दुसऱ्या दिवशी ज्याला ताप आहे तो तपासणीला जातच नाही.

ग्रुपवर एवढंच टाका: गावात रुग्ण आढळला आहे, लक्षणं अशी आहेत, तपासणी इथं होते, या नंबरवर बोला. छोट्या गावात नाव कळणारच, ते कोणी अडवू शकत नाही. पण कुजबुजीनं कळणं वेगळं आणि ग्रामपंचायतीनं जाहीर करणं वेगळं. एक सवलत: रुग्ण स्वतः म्हणाला की माझं नाव सांगा, म्हणजे मला भेटलेले लोक तपासून घेतील, तर जरूर सांगा. असा एक माणूस पुढं आला की दहा जणांची तपासणी सोपी होते.

६. गावच्या शिवेवर काटे, दगड, आडवी बैलगाडी टाकून रस्ता बंद केला. चालेल का?

नाही. रस्ता बंद करण्याचा अधिकार प्रशासनाला आहे, तरुण मंडळाला नाही. कायदा बाजूला ठेवला तरी काट्यांचं कुंपण रोगाला अडवत नाही, कारण रोग बहुतेक वेळा तुमच्याच गावच्या माणसाबरोबर आडरस्त्यानं आत आलेला असतो. अडते ती १०८ ची गाडी, अडलेली बाळंतीण, दुधाचा टेम्पो आणि केळीचा ट्रक. २०२० मध्ये हौसेनं बसवलेली नाकी आठवत असतील तर तिथं नक्की कोणाला अडवलं जात होतं तेही आठवा. बागायतदाराची गाडी जात होती. भंगारवाला, पावरा मजूर आणि फेरीवाला अडत होता.

शिवेवर माणसं बसवायचीच असतील तर त्यांनी नोंद करावी, पाणी द्यावं, ताप असेल तर आशाताईला फोन लावावा.

७. सुरत, बारडोलीहून किंवा ऊसतोडीहून आमचेच लोक परत येतात. त्यांना गावात घ्यावं का?

‘घ्यावं का’ हा प्रश्नच चुकीचा आहे. गाव त्यांचं आहे. त्यांना सुरक्षितपणे कसं घ्यायचं एवढंच ठरवा.

८ मे २०२० ला औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ मालगाडीखाली १६ मजूर गेले. मध्य प्रदेशातली ती माणसं जालन्याहून रूळ धरून निघाली होती, भुसावळला गाडी मिळेल म्हणून. त्याच दिवसांत मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्यावरून, शिरपूरवरून सेंधव्याच्या दिशेनं माणसांच्या रांगा चालत होत्या. वाटेत पाणी आणि खिचडी घेऊन उभी राहिलेली गावंही होती आणि दार लावून घेतलेली गावंही होती.

सोय करताना बारकावे बघा. शाळेत ठेवायचं तर संडासाला पाणी आहे का, रात्री दिवा आहे का, बायांना वेगळी खोली आणि आतून कडी आहे का? लहान मुलांना दूध कोण देणार? मुकादमानं उचल दिलेली असते, हिशोब अर्धा राहिलेला असतो, त्या तगाद्यातून पळून आलेलं कुटुंब असू शकतं. त्यांच्यावर ओरडण्याआधी ऐकून घ्या. ज्याच्या घरी एकच खोली आहे त्याला ‘घरीच वेगळा राहा’ सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. मळ्यातली झोपडी, समाजमंदिर, रिकामं गोडाऊन यातलं काहीतरी उघडून द्या.

आणि जे परत येऊ शकत नाहीत त्यांना कळवा की रेशन तिथंही मिळतं. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात एकाच कार्डावर धान्य देण्याची सोय ९ ऑगस्ट २०१९ पासून सुरू झाली, नंतर ती देशभर झाली. नवापूर, अक्कलकुव्याच्या कित्येक कुटुंबांना हे अजून ठाऊक नाही.

८. ‘हा आजार अमुक समाजानं पसरवला’ असे मेसेज येतात. काही वेळा बातमीतही तसंच असतं. मग खरं काय?

विषाणूला आडनाव कळत नाही. गर्दी, बंद खोली, उशिरा झालेली तपासणी त्याला पुरते. अशी गर्दी लग्नात, यात्रेत, प्रचारसभेत, धार्मिक मेळाव्यात कुठंही होते. त्यातली एकच निवडून वर्षभर चघळली की समजावं, विषय आजाराचा राहिलेला नाही.

मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या तबलिगी मेळाव्यानंतर खान्देशातही भाजीवाल्यांना नाव विचारून माल घेणं सुरू झालं होतं. पुढं २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं, म्हणजे आपले तिन्ही जिल्हे ज्याच्या कक्षेत येतात त्याच खंडपीठानं, तबलिगींवरचे अहमदनगर जिल्ह्यातले गुन्हे रद्द केले आणि साथीच्या वेळी बळीचा बकरा शोधला जातो असं निकालात स्पष्ट म्हटलं. तो निकाल मूळ मेसेजइतका फिरला नाही, हे सांगायला नकोच.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्येच सांगून ठेवलं आहे की नव्या आजाराला गावाचं, देशाचं, लोकसमूहाचं किंवा प्राण्याचं नाव देऊ नका. गावपातळीवरही हेच पाळा. ‘मोहल्ल्याची साथ’, ‘भिलाटीची साथ’, ‘सुरतवाल्यांचा आजार’ हे शब्द ग्रामसभेत कोणी उच्चारले तर तिथल्या तिथं थांबवा. धर्म किंवा जातीवरून वैर पेटवणारा मजकूर पसरवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे. फॉरवर्ड करणारेही त्यात अडकू शकतात.

९. मेसेज अफवा आहे हे ओळखायचं कसं, आणि ग्रुपवर उलट बोललं की लोक अंगावर येतात, तेव्हा काय?

ज्या मेसेजला तारीख नाही, गावाचं नाव अर्धवट आहे, ‘माझ्या मित्राच्या भावानं डोळ्यांनी पाहिलं’ असं आहे आणि शेवटी ‘लवकर पुढं पाठवा’ आहे, तो थांबवा. तालुका आरोग्य अधिकारी किंवा पोलीस ठाण्यात एक फोन करा.

अफवेनं काय होतं हे खान्देशाला कोणी शिकवायची गरज नाही. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, रविवारच्या आठवडे बाजारात, पोरं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागून पोट भरणारे. साथीच्या काळात हीच भीती दुप्पट होते. अनोळखी माणूस, अंगात पीपीई किट घातलेला कर्मचारी, पाण्याच्या टाकीत औषध टाकणारा शिपाई, सगळ्यांवर संशय येतो. आरोग्य पथक पाड्यावर येणार असेल तर आदल्या दिवशी सरपंच किंवा पोलीस पाटलानं सांगून ठेवणं म्हणूनच गरजेचं आहे. ‘उद्या दोन बाया आणि एक गडी येतील, पांढरी गाडी असेल’ एवढं पुरतं.

ग्रुपवर भांडू नका. अफवा पाठवणाऱ्याला खासगीत फोन करा, ‘नाना, हे चुकीचं आहे, तुम्हीच काढून टाका’ म्हणा. चारचौघांत खोटा पडलेला माणूस अफवेलाच चिकटून बसतो.

१०. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर लोक पथक बघून जंगलात निघून जातात. त्यांना कसं समजवायचं?

आधी हे मान्य करू की पळण्याला कारण आहे. वर्षभर जिथं गाडी येत नाही, बाळंतिणीला झोळीत घालून डोंगर उतरावा लागतो, सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे काही गावांत बोटीशिवाय पोचता येत नाही, तिथं अचानक दहा माणसं सुया घेऊन आली तर कोणीही बिचकेल. विश्वास साथीच्या आठवड्यात उगवत नाही. जी नर्सबाई एरवी कुपोषित पोराचं वजन करायला नेमानं येते, तिचं लोक ऐकतात.

भाषेचं म्हणाल तर शहादा-तळोद्याच्या सपाटीवर चालणारी मराठी वर सातपुड्यात चालत नाही. पावरी, भिली, मावची बोलणारं त्याच भागातलं माणूस पुढं हवं, आश्रमशाळेत शिकून परत आलेली पोरं यासाठी उत्तम. भगत किंवा बडव्याला टाळू नका, त्याची टिंगल तर मुळीच करू नका. त्याच्याशी एवढंच ठरवा: तू तुझा विधी कर, पण श्वास लागलेला, जुलाब न थांबलेला किंवा ताप न उतरलेला माणूस त्याच दिवशी दवाखान्यात पाठव. तो पाठवतो तेव्हा लोक जातात.

आणि निर्णय पाड्याच्या ग्रामसभेत होऊ द्या. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा आहे, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. अनुसूचित क्षेत्रात पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा असू शकते. कारभारी आणि बाया तिथं जे ठरवतील ते टिकतं. तालुक्याहून आलेला आदेश गाडी वळली की संपतो.

११. आमच्या शहरात मुस्लिम मोहल्ल्यात सर्वेला गेलं की दार उघडत नाहीत. काय करावं?

पथकाबरोबर पोलीस नेणं बंद करा, ही पहिली गोष्ट. यादी, रजिस्टर आणि सोबत वर्दी दिसली की लोकांना कागदपत्रांची चौकशी वाटते. आजाराची यादी आणि नागरिकत्वाची यादी यांत गल्लत झालेली आम्ही पाहिली आहे, आणि ती गल्लत करायला लोकांकडे कारणं होती.

शेजारच्या मालेगावात २०२२ च्या अखेरीस गोवर पसरला तेव्हा लसीकरणाचं काम मौलाना, उर्दू शाळांचे शिक्षक आणि गल्लीतले डॉक्टर यांच्याशिवाय पुढं सरकणं कठीण होतं. तेच धुळ्याला, जळगावला, भुसावळला लागू. जुम्म्याच्या नमाजनंतर दोन मिनिटांचं आवाहन, उर्दूतली पत्रकं, बायांशी बोलायला बाई, आणि दुपारच्या कामाची वेळ सोडून भेट. गोवर-रुबेलाची लस ९ महिन्यांना आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत, ही एकच ओळ शंभर घरांत नीट पोचली तरी खूप. एवढं करूनही दार उघडलं नाही तर ‘हे लोक ऐकतच नाहीत’ असा शेरा मारून निघू नका. लेवा-गुजरांच्या कॉलनीतही दारं उघडत नव्हती, तिथं फक्त ‘साहेब घरी नाहीत’ असं सभ्य उत्तर येत होतं.

१२. आशाताई आणि नर्सबाईंना शिवीगाळ होते, घरमालक खोली सोडायला सांगतो. तक्रार कुठं?

पोलीस ठाण्यात, आणि लेखी. १८९७ चा साथरोग कायदा २०२० मध्ये दुरुस्त झाला. साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला, कामात अडथळा, राहणं-काम करणं मुश्कील होईल असा छळ, हे सगळं दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिक्षा ३ महिने ते ५ वर्षं आणि दंड ५० हजार ते २ लाख. गंभीर दुखापत केली तर ६ महिने ते ७ वर्षं आणि दंड १ ते ५ लाख. आशाताईसारख्या गावपातळीच्या कार्यकर्त्याही यात येतात.

पण आशाताई त्याच गावची सून असते. तक्रार केली की उद्या तिलाच गल्लीत राहायचं असतं, म्हणून बहुतेक जणी गिळून टाकतात. तक्रार तिच्या नावानं जाण्यापेक्षा ग्रामपंचायतीच्या किंवा आरोग्य केंद्राच्या नावानं जाऊ द्या. आणि तिच्याकडून एवढी अपेक्षा करता, तर तिला मास्क, हातमोजे आणि पेट्रोलचे पैसे मिळाले का हेही ग्रामसभेत विचारा.

१३. यात्रा, कानबाई, भोंगऱ्या, उरूस बंद ठेवायचे का? लोक म्हणतात, त्यांचं चालतं मग आमचंच का बंद?

बंद ठेवायचं की मर्यादित करायचं हे साथीवर आणि प्रशासनाच्या आदेशावर. गावानं मात्र एक पथ्य पाळावं: नियम माणसांच्या आकड्याचा असावा, सणाचा नसावा. ‘५० च्या वर माणसं नकोत’ म्हटलं की तो भंडाऱ्याला, उरुसाला, हळदीला आणि आमदारांच्या वाढदिवसालाही लागू. शेवटच्याला सूट दिलीत की आधीचे तिन्ही ऐकणार नाहीत, आणि त्यांचं चुकणारही नाही.

निर्णय सगळ्यांच्या प्रमुखांनी एकाच बैठकीत, एकाच कागदावर सही करून जाहीर करावा. २०२० च्या आषाढीला मुक्ताईची पालखी मोजक्या माणसांनिशी एसटी बसनं पंढरपूरला गेली, त्या वर्षी ईदची नमाजही घरातच झाली. दोन्हीकडे जीव तुटला, हे एकमेकांना माहीत असणं फार उपयोगी पडतं. कानबाईच्या रोटाला सगळी भाऊबंदकी एका घरी जमते, तिथं ‘एकाच कुटुंबातले आहोत’ ही पळवाट काढू नका.

१४. साथीत मयत झालं तर खांदा द्यायलाही कोणी येत नाही. अंत्यविधी कसा करायचा?

कोविडसाठी केंद्र सरकारनं मार्च २०२० मध्येच सूचना दिल्या होत्या. अंघोळ घालणं, मिठी मारणं, मुका घेणं टाळा. लांबून मुखदर्शन, मंत्र, दुआ, पाणी शिंपडणं असे स्पर्श न होणारे विधी चालतात. राखेतून धोका नाही, अस्थी नेता येतात, प्रकाशा तीर्थाला किंवा तापीच्या कुठल्याही घाटावर. दफनालाही हरकत नव्हती. मे २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं वांद्र्यातल्या दफनभूमींच्या वादात ते मान्य केलं. दुसऱ्या आजाराच्या वेळी त्या त्या सूचना बघा.

गावानं आधीच चार-सहा तरुण तयार ठेवावेत, सगळ्या समाजांतले, ज्यांना किट घालायचं प्रशिक्षण आहे. दहाव्याला गर्दी नको, पण फोन करा. ज्या घरात मयत झाली आणि कोणी फिरकलं नाही, ते घर हे विसरत नाही.

१५. माणूस बरा होऊन आला, तरी किती दिवस लांब ठेवायचं? टीबीवाल्याचं काय?

डॉक्टरांनी सोडलं तेवढं पुरे, त्यात गावानं आपले दिवस घालू नयेत. फुप्फुसाच्या साध्या टीबीत योग्य औषधं सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका खूप कमी होतो. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीत जास्त वेळ लागतो, ते डॉक्टर सांगतील. टीबी हवेतून पसरतो, ताट-वाटीतून नाही. तेव्हा वेगळं ताट, वेगळा तांब्या, सुनेला माहेरी धाडणं यातून काही साधत नाही. उपचार मोफत आहेत आणि निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात.

१६. दुकानदार एका वस्तीला किराणा देत नाही, चक्कीवाला दळण घेत नाही. हे कायद्यात बसतं का?

नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांवर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणं, त्याची धमकी देणं हा ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. जात पंचायत किंवा समाजाच्या पंचांनी आपल्याच माणसाला वाळीत टाकलं तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा लागतो; तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आहे, शिक्षा ३ वर्षांपर्यंत किंवा दंड १ लाखापर्यंत किंवा दोन्ही. मात्र दुकानदाराला खरोखर भीती असेल तर आधी मधला मार्ग द्या: यादी फोनवर, सामान ओट्यावर, पैसे मोबाइलवरून. हे सगळ्या गिऱ्हाइकांना सारखं असलं पाहिजे.

१७. धान्याची किट वाटताना फोटो काढू नयेत म्हणता, पण देणगीदाराला हिशोब तर द्यावा लागतो?

हिशोब पोत्यांचा द्या, चेहऱ्यांचा कशाला? दुकानाची पावती, भरलेल्या टेम्पोचा फोटो, वस्तीनिहाय आकडा एवढ्यानं हिशोब होतो. रांगेत उभी राहायची लाज वाटणारी घरं बरीच असतात: बंद पडलेला सलूनवाला, रिक्षावाला, शिकवणी घेणारी बाई, विधवा. त्यांच्या घरी अंधार पडल्यावर पिशवी पोचवा. रेशन कार्ड नसलेल्यांची यादी आधी करा. भटके, डोंबारी, वीटभट्टीवाले प्रत्येक योजनेतून सुटतात.

१८. लस न घेणाऱ्याचं रेशन, दाखले बंद केले तर लोक सरळ होतील. करावं का?

करू नका. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की लस घेण्याची कोणावर सक्ती करता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी काही वाजवी निर्बंध सरकार घालू शकतं. ते सरकार, ग्रामपंचायत नव्हे. आणि रेशन बंद केल्यानं सर्वात आधी कोण उपाशी राहतं ते उघड आहे. नकार देणाऱ्याचं कारण ऐका. बरेचदा ते एका दिवसाच्या मजुरीचं असतं: ताप आला तर दोन दिवस काम बुडेल. त्यावर उपाय निघतो.

१९. बाहेरचे रुग्ण येऊन आमच्या दवाखान्यातले बेड अडवतात. आधी आपल्या लोकांना नको का?

सीमेवरच्या प्रदेशाला हे म्हणणं परवडत नाही. रावेरचा माणूस बऱ्हाणपूरला जातो, नवापूरचा सुरतेला, सेंधव्याचा शिरपूरला. २०२१ च्या लाटेआधीच जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या कार्यकाळात नंदुरबारला ऑक्सिजन प्रकल्प उभे राहिले होते, आणि लाटेत शेजारच्या राज्यांतूनही रुग्ण तिकडे आले. बेड कोणाला हे आजाराच्या गांभीर्यावर डॉक्टर ठरवतील. नगरसेवकाच्या चिठ्ठीनं ठरत असेल, तर भांडण तिथं करा.

२०. एखादा खरंच मुद्दाम नियम मोडतो. पॉझिटिव्ह असून बाजारात फिरतो. तरी गोड बोलायचं?

आधी का मोडतो ते बघा (प्रश्न २ मधली म्हैस). पोटाचं कारण असेल तर सोय करा. सोय करूनही फिरत असेल तर आरोग्य अधिकारी आणि पोलिसांना कळवा. संसर्ग पसरेल असं निष्काळजी वागणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २७१ खाली आणि द्वेषबुद्धीनं तसं करणं कलम २७२ खाली गुन्हा आहे. कारवाई त्या एकट्यावर. त्याच्या घराची नळजोडणी तोडणं, भावाला कामावरून काढणं, त्याच्या समाजाला बोल लावणं, व्हिडिओ काढून फिरवणं यातलं काहीही नाही. आणि नियम मोडणारा सरपंचाचा पुतण्या असला तरी फोन तोच करायचा.

२१. कोविडच्या वेळी पडलेली फूट अजून मिटलेली नाही. दोन आळ्या एकमेकींच्या लग्नाला जात नाहीत. आता काय करता येईल?

तंटामुक्त गाव समिती २००७ पासून आहे, तिच्यापुढं विषय ठेवा. पण ‘झालं गेलं विसरा’ असं म्हणून बसवू नका. ज्यांचं दूध बंद केलं, ज्यांच्या मयताला रस्ता दिला नाही, त्यांना आधी बोलू द्या, मध्ये न तोडता. जिथं ॲट्रॉसिटीचा किंवा मारहाणीचा गुन्हा दाखल आहे तिथं समितीनं तडजोडीचा दबाव आणू नये, ते न्यायालयाचं काम. बाकीच्या ठिकाणी सुरुवात छोट्या कामातून होते: पावसाळ्याआधीची टाकी सफाई दोन्ही आळ्यांनी मिळून करणं, पाण्याचा नमुना तपासायला दोन्हीकडचा एकेक माणूस जाणं. रिपोर्ट आला की तो दोन्ही आळ्यांच्या ओट्यांवर चिकटवा.